डिलिव्हरीचे पैसे कमी लावले, आता ग्राहकाला काय सांगू?

पत्र : आम्ही जवाहरनगरचे. सासरे कापशी चपला (कोल्हापुरीचा एक प्रकार) करतात, मिस्टर कातड्याचं काम बघतात, वेण्या आणि ऑनलाइन विक्री माझ्याकडं. गेल्या आठवड्यात जर्मनीतून दोन जोडांची ऑर्डर आली. जोड ३,६०० चा, म्हणजे ७,२००. त्यावर डिलिव्हरीचे १,४५० घेतले. हा दर मी पूर्वी दुबईला एक जोड पाठवला होता त्यावरून ‘परदेश’ म्हणून टाकला होता. काल कुरिअरच्या ऑफिसात गेले तर ७,४०० सांगितले. सगळा खर्च जाऊन आम्हाला या ऑर्डरीत जेमतेम १,९०० राहतात. घाबरून मी परदेशाचा दर एकदम ४,८०० केला, तर त्याच रात्री मेलबर्नहून एका मराठी ताईंनी एक जोड घेतला. तो टपालानं २,१५० मध्ये जातोय. मिस्टर म्हणतात, जर्मनीचा खड्डा मेलबर्नच्या पैशांतून भरू. दीर म्हणतात, फॉर्मवर ‘गिफ्ट’ लिही आणि किंमत कमी दाखव. माझ्या मनाला दोन्ही पटत नाही. ऑर्डर रद्द करू, जास्तीचे पैसे मागू, की गप्प सोसू? पाठवायला चार दिवस उरलेत.
— एक वाचक, कोल्हापूर

ताई,

जर्मनीच्या ग्राहकाला अजून काहीही लिहू नका. रद्दचं बटण तर मुळीच दाबू नका. तुम्ही पत्रासोबत खोक्याचा आणि कुरिअरच्या दरपत्रकाचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत, कारण निम्मं दुखणं त्या खोक्यात आहे.

तुम्ही जोड तोलला, ८५० ग्रॅम भरला. दोन जोड म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम. मग ७,४०० कसे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कुरिअर कंपन्या विमानातली जागाही विकतात. म्हणून त्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल त्याचं बिल लावतात. आकारमानाचं वजन काढायचं तर खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० नं भागायचं. मोठ्या एक्स्प्रेस कंपन्यांचा हाच हिशेब असतो. तुमचा खोका ४५ बाय ३५ बाय २० चा आहे. गुणाकार ३१,५००, भागल्यावर ६.३ किलो. वर पुढच्या अर्ध्या किलोला नेतात, म्हणजे साडेसहा. दरपत्रकात साडेसहा किलोच्या ओळीत नेमके ७,४०० आहेत. म्हणजे तुम्ही पावणेदोन किलोच्या चपलांबरोबर पावणेपाच किलो हवा जर्मनीला पाठवायला निघाला होता.

आता खोका बदला. चपला तळव्याला तळवा लावून, एकीचा अंगठा दुसरीच्या टाचेकडं, अशा ठेवल्या की कापशीचा जोड बराच चपट्या जागेत बसतो. कानांच्या (बाजूच्या पाळ्यांच्या) आणि पट्ट्याच्या पोटात चुरगळलेला कागद भरा, म्हणजे ते दबणार नाहीत. कापशीचे कान दुमडून पोचले तर ग्राहक काय म्हणेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवून ३२ बाय २४ बाय १३ चा खोका पुरायला हवा. गुणाकार ९,९८४, भागल्यावर २ किलोच्या आत. आता काट्यावरचं वजनही २ किलोच्या आत ठेवायचं. खोका, कागद, टेप मिळून २५० ग्रॅममध्ये बसवा, म्हणजे १ किलो ९५० ग्रॅम होईल. इथं पन्नास-शंभर ग्रॅमला किंमत आहे. काटा २ किलो ५० ग्रॅमवर गेला की बिल अडीच किलोचं. तुमच्या दरपत्रकात २ किलोला ३,६५० आहेत आणि अडीचला ४,१५०. जाडजूड खोका आणि टेपची तीन-तीन वेढणं यांचे पाचशे रुपये होतात.

माल बंद केल्यावर मोजपट्टी लावून तिन्ही मापांचे फोटो काढा, काट्यावर ठेवून आकडा दिसेल असाही एक काढा. कुरिअरच्या हबमध्ये खोका पुन्हा मोजतात आणि फरकाचं बिल मागाहून येऊ शकतं. तेव्हा तुमच्या हातात हे फोटोच असतील. आणि दर विचारताना “सगळं धरून किती?” असंच विचारा. बऱ्याच दरपत्रकांत इंधन अधिभार आणि १८ टक्के जीएसटी वेगळा असतो, आणि आडगावचा पत्ता असेल तर त्याचाही अधिभार लागतो. तुमच्या दरपत्रकाखाली सगळं धरून असल्याचं लिहिलंय, पण पुढच्या वेळी दुसरीकडं गेलात तर तसं असेलच असं नाही.

एवढं करून ७,४०० चे ३,६५० झाले. तुम्ही घेतलेले १,४५० वजा केले तर तूट २,२०० ची. अजून जास्तच आहे. म्हणून कुरिअरवर न थांबता आपल्या मुख्य टपाल कार्यालयात जा. आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट आणि इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट, दोन्हींचे जर्मनीचे दर विचारा. ट्रॅक्ड पॅकेट संथ असतं, पण ट्रॅकिंग मिळतं आणि बहुतेकदा स्वस्त पडतं. ते जर्मनीला आत्ता चालू आहे का, वजनाची मर्यादा किती, दोन जोडांचे दोन वेगळे पुडे करून परवडतंय का, हे काउंटरवरच विचारा, इंटरनेटवरच्या जुन्या तक्त्यांवर जाऊ नका. ट्रॅकिंग नसलेली सेवा मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. माल पोचला नाही अशी तक्रार आली तर तुमच्याकडं दाखवायला कागद राहणार नाही, आणि चपलाही जातील, पैसेही.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबलो त्याकडं येतो. “सगळा खर्च जाऊन १,९०० राहतात.” पत्रासोबत तुम्ही खर्चाची यादीही दिली आहे. कातडं, वादी, गोंडे, पॉलिश, ऑनलाइन विक्री मंचाचं कमिशन. या यादीत सासऱ्यांची मजुरी नाही. तुमच्या वेणीची मजुरी नाही. म्हणजे हे १,९०० नफा नव्हे, ही दोन माणसांच्या हाताची मजुरी आहे, आणि तीही पुरती नाही. घरच्या धंद्यात चूक कुणाचीही होवो, ती भरून निघते घरातल्या कारागिराच्या मजुरीतून, आणि तो बोलत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. ज्या माणसानं हा जोड केला त्यानं दर लावला नव्हता. त्यामुळं तूट सोसायचीच झाली तर ती धंद्याच्या खात्यातून सोसा. पुढच्या दोन-तीन ऑर्डरींच्या नफ्यातून थोडी थोडी वळती करा, पण सासऱ्यांच्या हातात या दोन जोडांची मजुरी ठरल्याप्रमाणं पडू द्या. आणि मजुरी खर्चात धरून चपलेची किंमत एकदा नव्यानं मांडा. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचं ते आहे. त्या नावाचा दाम करणाऱ्याच्या हातात आला नाही तर मानांकनाचा उपयोग काय?

मग जर्मनीच्या ऑर्डरीचं काय करायचं? टपालाचा आकडा हातात आला की तूट पुन्हा काढा. माझं मत स्पष्ट आहे. दर तुम्ही लावला, ग्राहकानं तो बघून पैसे भरले, म्हणजे सौदा झाला. तूट हजार-बाराशेच्या आत आली तर एक अक्षर न बोलता माल पाठवून द्या. “आम्हाला तोटा झाला पण तुमच्यासाठी पाठवतोय” असंही लिहू नका. ते वाचून ग्राहकाला उगाच ओशाळं वाटतं.

तूट त्याहून जास्त राहिली आणि ती खरोखर झेपणार नसेल, तर ग्राहकाला सांगण्यात कमीपणा नाही. पण माल निघण्याआधी सांगायचं, आणि निर्णय त्याच्या हातात ठेवायचा. मजकूर साधारण असा असू द्या, तुम्ही इंग्रजीत लिहाल तरी क्रम हाच ठेवा :

“नमस्कार, तुमच्या दोन्ही जोडांचं काम पूर्ण झालं आहे. डिलिव्हरीचा दर लावताना आमच्याकडून चूक झाली. आम्ही १,४५० घेतले, प्रत्यक्ष खर्च इतका येतो. सोबत दराची पावती जोडली आहे. यावर दोन मार्ग आहेत. पहिला, याच पैशांत आम्ही संथ टपाल सेवेनं पाठवू, ट्रॅकिंग मिळेल, वेळ जास्त लागेल, वरचा खर्च आमचा. दुसरा, तुम्हाला लवकर हवं असेल तर ही ऑर्डर रद्द करून पूर्ण पैसे परत देऊ आणि बरोबर दराची नवी ऑर्डर तुम्ही देऊ शकाल. तुम्हाला जे सोयीचं असेल ते कळवा.”

यात रडगाणं नाही, घरच्या अडचणी नाहीत, आणि संथ सेवेतला वरचा खर्च तुम्ही स्वतःकडं घेतला आहे. मी पाहिलेल्या अशा व्यवहारांत बहुतेक ग्राहक संथ टपालाला हो म्हणतात. हातानं केलेली वस्तू मागवणाऱ्याला दोन आठवड्यांची घाई नसते, त्याला आपण फसलो नाही एवढं कळायला हवं असतं.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा. फरकाचे पैसे मंचाच्या बाहेर, दुसऱ्या खात्यावर मागू नका. बहुतेक विक्री मंचांना हे चालत नाही, खातं बंद होऊ शकतं. आणि पुढं वाद झाला तर त्या पैशांची नोंद तिथं नसल्यानं तुमची बाजू कुणी धरणार नाही. तसंच, विक्रेत्यानं स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर तिची नोंद विक्रेत्याच्या नावावर पडते. म्हणून रद्द करायचीच झाली तर ग्राहकाचा लेखी होकार मंचावरच्या निरोपांतच घ्या.

दिरांना सांगा की ‘गिफ्ट’ लिहायचं नाही. त्यांचा हेतू तुम्हाला मदत करायचा आहे हे मी समजतो, पण यात तुमचा काडीचा फायदा नाही. ‘गिफ्ट’ लिहिलं म्हणून डिलिव्हरी स्वस्त होत नाही. कर वाचला तर तो जर्मनीतल्या ग्राहकाचा, आणि खोट्या माहितीवर सही मात्र तुमची. युरोपात एका व्यक्तीनं दुसऱ्याला पैसे न घेता पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीला सूट आहे. तुमच्या खोक्यात दोन एकसारखे नवे कोरे जोड, आणि ग्राहकाकडं पैसे भरल्याची नोंद. जर्मन कस्टम्सनं खोका अडवला तर ते ग्राहकाकडं खरेदीची पावती मागतात, आणि तो खरीच पावती दाखवणार. शिवाय खोका हरवला तर भरपाई जास्तीत जास्त फॉर्मवर लिहिलेल्या किमतीइतकीच. हजार लिहिलंत तर ७,२०० चा माल गेला तरी हजारावरच समाधान मानायचं.

फॉर्मवर खरं लिहा. हातानं केलेल्या चामडी चपला, दोन जोड, खरी किंमत. मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ६४०३२० घाला. त्या क्रमांकाचं वर्णनच असं आहे की चामड्याचा तळ आणि वर पायावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. जगाच्या कस्टम्सच्या यादीत आपल्या पायताणाला जणू स्वतःची ओळ आहे, मग नुसतं ‘फुटवेअर’ लिहून संदिग्धता कशाला ठेवायची? आणि हा धंदा पुढं चालवायचा असेल तर आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, काढून घ्या. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये. २०२२ पासून टपाल खात्यानं डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. तिथं टपालाचं निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं आणि लहान विक्रेत्याला मुंबईच्या एजंटामागं फिरावं लागत नाही. टपालात जाल तेव्हा आपल्याकडचं केंद्र कुठं बसतं तेही विचारून या.

कराचंही ग्राहकाला आधीच कळवा, कारण डिलिव्हरीच्या गोंधळापेक्षा जास्त भांडणं यावरून होतात. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात अगदी स्वस्त मालालाही व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, लागतो. जर्मनीत तो १९ टक्के आहे, आणि मालाच्या किमतीबरोबर डिलिव्हरीच्या खर्चावरही धरतात. तुमच्या मंचानं ऑर्डर घेतानाच व्हॅट कापून घेतला असेल तर त्या ऑर्डरीच्या पानावर आयओएसएस नावाचा, म्हणजे व्हॅट आधीच घेतल्याचं दाखवणारा, क्रमांक असतो. तो टपालाच्या किंवा कुरिअरच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायचा राहिला, तर ग्राहकाला दारात तोच कर दुसऱ्यांदा भरावा लागतो, आणि मग तो खोका घ्यायलाच नकार देतो. परतीचा खर्च कुणावर, हे सांगायला नको. क्रमांक नसेल तर एका ओळीत लिहा की तुमच्या देशाचा आयात कर आणि कुरिअरचा हाताळणी आकार तुमच्याकडून घेतला जाईल.

आता मेलबर्न. इथं तुमच्या मनाला जे पटत नाही, तेच बरोबर आहे. ४,८०० घेतले, २,१५० लागले. खोका, पॅकिंगचा कागद, टपालापर्यंतची रिक्षा, यांचे दीड-दोनशे धरले तरी जवळजवळ अडीच हजार तुमच्याकडं जास्त राहिलेत. ते परत करा. डिलिव्हरीत शंभर-दोनशे इकडंतिकडं झाले तर त्याचा कुणी हिशेब मागत नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. पण अडीच हजार म्हणजे त्या ताईंनी घेतलेल्या जोडाच्या किमतीचा दोन तृतीयांश भाग.

तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यामागची काळजी मला दिसते. महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे एकाच वहीत येतात, तेव्हा एकाचं उणं दुसऱ्याच्या अधिकातून फिटावं असं वाटणं साहजिक आहे. पण मेलबर्नच्या ताईंचा जर्मनीच्या माणसाशी काय संबंध? तुमच्या दुबईच्या दराची भरपाई त्यांनी का करावी? त्यांनी ४,८०० भरले ते तुम्ही सांगितलेल्या खर्चावर विश्वास ठेवून. टपालाचं तिकीट किंवा पावती खोक्यावर चिकटलेली असते, त्यावर बहुतेकदा रक्कम छापलेली असते. खोका त्यांच्या हातात पडेल तेव्हा त्या ती वाचतील, आणि त्या मराठीच आहेत, ओळखीच्या चार घरांत तुमचं नाव सांगायचं की नाही हे तिथंच ठरेल. पावती छापलेली नसती तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं.

परतावाही मंचावरूनच, ‘अंशतः परतावा’ म्हणून द्या. दोन ओळी पुरेत. “ताई, डिलिव्हरीचा दर आम्ही चुकून जास्त लावला होता. प्रत्यक्ष खर्च आणि पॅकिंग वजा करून उरलेले पैसे आज परत केले आहेत.” त्यांनी मागायची वाट बघू नका.

आता राहिला दराचा तक्ता. १,४५० आणि ४,८०० हे दोन्ही आकडे ज्या ‘परदेश’ नावाच्या एकाच रकान्यात बसले, तो रकाना काढून टाका. दुबई आणि स्टुटगार्ट यांना एक दर लावणं म्हणजे गगनबावडा आणि गुवाहाटीला एकाच भाड्यात गाडी ठरवणं. तुम्हाला सगळं जग लागत नाही. तुमच्या आतापर्यंतच्या ऑर्डरी ज्या देशांतून आल्या तेवढेच देश चालू ठेवा आणि बाकीचे बंद करा. ज्याला हवं असेल तो निरोप टाकून विचारेल. चालू ठेवलेल्या प्रत्येक देशासाठी तीन आकडे हवेत. बंद खोक्यातल्या एका जोडाचा दर, दुसरा जोड वाढला तर वरचा दर, आणि सेवेचं नाव. जर्मनीच्या ऑर्डरीत ही दुसऱ्या जोडाची चूकही होतीच. तुमच्या तक्त्यात ‘पुढच्या नगाला शून्य’ राहून गेलंय, म्हणून दोन जोडांना एकाचेच पैसे लागले. उद्या कुणी लग्नाच्या आहेराला पाच जोड मागवले तर? ते आजच भरा.

माप घेताना नेहमी बंद केलेला खोका तोला, नुसती चपल नाही. बायकांचा जोड, पुरुषांचा साधा जोड आणि जड कापशी, असे तीन खोके ठरवून टाका, प्रत्येकाचं माप आणि वजन दारामागं कागदावर चिकटवा. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर बुरशी धरलेली चपल पोचते आणि मग दुहेरी डिलिव्हरी तुमच्या माथी येते. दर टपालानं किंवा कुरिअरनं बदलले की तक्ता बदलायचा, आणि सणासुदीच्या आधी एकदा फोन करून खात्री करायची.

अमेरिकेचा रकाना मात्र सध्या बंदच ठेवा. तिथं ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी उठली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडचे बहुतेक पुडे घेणं थांबवलं होतं, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. आता कर आधी भरावा लागतो आणि त्याचे नियम बदलते आहेत. अमेरिकेतून कुणी विचारलंच तर त्या दिवशीचा कर आणि दर टपालातून लेखी घेऊन मगच किंमत सांगा.

आज दुपारी खोका बदला, उद्या सकाळी टपालात जा. जर्मनीतून उत्तर यायला एक दिवस धरला तरी तुमच्याकडं माल पाठवायला पुरेसा वेळ राहतो. मेलबर्नचा परतावा त्याआधीच, आज रात्री देऊन टाका. टपालानं सांगितलेला आकडा मला कळवा. तूट हजार-बाराशेच्या वर राहिली, तर ग्राहकाला निरोप पाठवण्याआधी आपण तो मजकूर एकदा मिळून बघू.